माणूस तिथेच, काउंट्या चार

माझी सगळी नोकरी भूकरमापक म्हणून गेली. साखळी, शंकू, प्लेन टेबल आणि लोकांच्या बांधावरच्या भांडणांत. निवृत्तीनंतर सहा महिने लेकीकडे व्हर्जिनियात राहायला गेलो आणि तिथेही नशिबाला जुनी दप्तरंच आली. जावई अमेरिकन. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, एका रविवारी बुटांचा खोका घेऊन आल्या. आत घरच्या बायबलमधून सुटलेलं एक पान, दोन फोटो आणि कुणीतरी टाइप केलेली वंशावळ होती. ती १८५० ला येऊन थांबत होती. "आमची माणसं न्यू रिव्हरच्या काठी एकाच जमिनीवर शंभर वर्षं होती म्हणतात. पण त्यामागचं काही हाती लागत नाही," त्या म्हणाल्या. घराण्याचं आडनाव मी इथे देत नाही, त्यांची तशी इच्छा आहे.

वंशावळ १८५० लाच का अडते, हे आधी समजून घ्या. अमेरिकेची शिरगणती १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकीचे नुसते आकडे: इतके पुरुष, इतक्या स्त्रिया. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा १८५० ला लिहिलं गेलं, आणि कुटुंबप्रमुखाशी नातं काय ते तर १८८० ला. जन्ममृत्यूची सरकारी नोंद व्हर्जिनियात १८५३ ला सुरू झाली. त्याआधी मूल जन्मलं म्हणून सरकारी वहीत ओळ पडत नसे. माणूस वहीत येई तो कर्ज बुडवलं, जमीन विकली, शेजाऱ्याच्या डुकरावरून तंटा केला, साक्ष दिली किंवा मेला म्हणून. ही सगळी कामं एकाच ठिकाणी चालत: काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, तिच्या कोर्टात.

म्हणून शोधताना "याचा बाप कोण?" असा प्रश्न वहीला विचारू नका. तिथे उत्तर नाही. या माणसाचं नाव लिहिणं कारकुनाला कधी भाग पडलं असेल, असं विचारा.

आधी काउंटी पक्की करा

व्हर्जिनियात १६३४ ला आठ काउंट्या होत्या. वस्ती पश्चिमेला सरकत गेली तशा त्या फुटत गेल्या. आमच्या न्यू रिव्हरच्या काठाचंच घ्या. सुरुवातीला तो ऑगस्टा काउंटीत. १७७० ला बोटेटॉर्ट वेगळी झाली, १७७२ ला तिच्यातून फिनकॅसल निघाली, आणि १७७६ च्या अखेरीला फिनकॅसल मोडून मॉन्टगोमेरी, वॉशिंग्टन आणि केंटकी अशा तीन काउंट्या केल्या. म्हणजे ऑगस्टाच्या काळात जमीन घेऊन तिथेच म्हातारा झालेल्या माणसाचे कागद चार काउंट्यांत, आणि त्याने तर घराची चूलसुद्धा हलवलेली नाही.

यात एक सोय आहे, ती लक्षात ठेवा. काउंटी फुटली तरी जुन्या वह्या सहसा आईकडेच राहतात. लेकीची वही तिच्या स्थापनेच्या दिवसापासून सुरू होते. फिनकॅसलला मात्र घरच उरलं नाही, म्हणून तिच्या वह्या मॉन्टगोमेरीकडे, क्रिश्चन्सबर्गला आहेत. कोणत्या साली सीमा कुठे होती, हे शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीच्या काउंटी-सीमांच्या ॲटलासवर तारीखवार दिसतं, फुकट. ते उघडल्याशिवाय एकही वही उघडू नये.

चुकीच्या काउंटीत शोधलं तर काय होतं, याचं उदाहरण खुद्द अब्राहम लिंकन. त्याच्या आईवडिलांच्या लग्नाचा कागद लोक केंटकीच्या हार्डिन काउंटीत शोधत राहिले. मिळेना, म्हणून कुजबुज सुरू झाली. कागद होता शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या कोर्टात, १० जून १८०६ चा विवाहबंध, म्हणजे लग्नाला कायदेशीर अडचण नाही याची पैशाची हमी. तो उजेडात आला तोवर लिंकन जाऊन वर्षं लोटली होती.

वह्या कोणत्या आणि कुठे

ऑर्डर बुक म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची वही. विल बुकमध्ये मृत्युपत्रं, मालाच्या याद्या आणि हिशेब. डीड बुकमध्ये खरेदीखतं. याशिवाय सुटे कागद: अर्ज, समन्स, जबान्या, हमीपत्रं. इतर राज्यांत नावं बदलतात. नॉर्थ कॅरोलिनात १८६८ पर्यंत या कोर्टाला प्लीज अँड क्वार्टर सेशन्स म्हणत, पेनसिल्व्हेनियात वारसांचं काम ऑर्फन्स कोर्टाकडे, न्यूयॉर्कमध्ये सरोगेटकडे. व्हर्माँट आणि ऱ्होड आयलंडमध्ये तर खरेदीखतं काउंटीत नसून गावाच्या दप्तरात असतात.

घरबसल्या सुरुवात फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळापासून करा. खातं फुकट मिळतं. युटाच्या वंशावळ संस्थेने १९३८ पासून काउंटी-काउंटीत फिरून वह्यांचे मायक्रोफिल्म केले, ते सगळे आता डिजिटल आहेत. नावाने शोधायची नेहमीची पेटी सोडा आणि कॅटलॉगमध्ये काउंटीचं नाव घाला. वह्यांची यादी येते. त्यातली वही उघडून पान-पान उलटायचं. काही फिल्म घरून दिसत नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जावं लागतं. २०२४ पासून तिथे पूर्ण मजकुराचा शोधही आला आहे. यंत्र जुनं हस्ताक्षर वाचतं आणि दुसऱ्याच्या खतावर साक्षीदार म्हणून आलेलं नावही दाखवतं. पूर्वी यासाठी वर्षं जात. पण यंत्राने दिलेलं वाचन पुरावा समजू नका, मूळ पान बघा.

सूचीतही मेख असते. खरेदीखताच्या सूचीत आपल्यासारखेच लिहून देणार आणि लिहून घेणार वेगळे असतात, दोन्ही बघावे लागतात. काही काउंट्यांत रसेल पद्धतीची सूची असते. तिच्यात आडनावाचं पहिलं अक्षर सोडून पुढे एल, एम, एन, आर, टी यांपैकी कोणतं अक्षर आधी येतं, त्यावर पान ठरतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, लोकांना सापडू नये म्हणूनच केलंय. अर्ध्या तासात हात बसतो.

काही वह्या नाहीतच. यादवी युद्धात सुरक्षित राहाव्यात म्हणून कित्येक काउंट्यांनी आपली दप्तरं रिचमंडला हलवली, आणि एप्रिल १८६५ मध्ये तिथल्या आगीत ती जळाली. हॅनोव्हर काउंटीचं बरंचसं दप्तर असंच गेलं. अशा ठिकाणी कराच्या याद्या, शेजारच्या काउंट्या आणि वरच्या कोर्टाचे कागद एवढाच आधार.

वाचायचं कसं

अठराव्या शतकातला लांब एस हुबेहूब एफसारखा दिसतो. "वाय" वर छोटा "ई" दिसला तर ते इंग्रजी "द" (the) वाचायचं. आकडा ७ आणि पुढे "बीईआर" असं लिहिलेलं दिसलं, तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर. सप्त, अष्ट, नव, दश, आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हिशेब असा की इंग्रजी वसाहतींत १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलत असे, आपल्या पाडव्याच्या सुमाराला. म्हणून त्याआधीच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांना दोन सालं जोडून लिहिलेली दिसतात. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१/२. त्यातलं एक साल गाळून टिपण केलंत, तर लग्नाआधी मूल किंवा मृत्यूनंतर सही, असले चमत्कार घडतात.

शब्दांनी मला जास्त फसवलं. "इन्फंट" वाचून मी तान्हं बाळ धरलं. कोर्टाच्या भाषेत तो २१ वर्षांखालचा कोणीही, वीस वर्षांचा मिशीवालासुद्धा. "ऑर्फन" म्हणजे बाप गेलेलं मूल, आई जिवंत असली तरी. "सन-इन-लॉ" जावई असेल किंवा सावत्र मुलगाही. "कझिन" हा पुतण्या-भाचाही निघतो.

आणि "ज्युनियर". या एका शब्दाने माझे चार महिने खाल्ले. व्हर्जिनियाच्या वैयक्तिक मालमत्तेच्या करयाद्या १७८२ पासून आहेत. त्यांत एकाच नावाचे दोघे, एक सीनियर, एक ज्युनियर. मी मुकाट्याने बाप-लेक लावून टाकले, विहीणबाईंना फोनही केला. पुढे कळलं, काउंटीत एकाच नावाचे दोन असले की वयाने थोराला सीनियर आणि धाकट्याला ज्युनियर म्हणत. रक्ताचा संबंध असेलच असं नाही. थोरला गेला की पुढच्या वर्षी तोच ज्युनियर सीनियर होतो. त्यांना वेगळं करायचं तर नाव सोडून बाकीचं धरा: बायकोचं नाव, कोणत्या ओढ्यावरची जमीन, धंदा, सहीऐवजी केलेली खूण. मी प्रत्येक नोंदीपुढे ओढ्याचं नाव लिहायला लागलो, आणि गुंता दोन दिवसांत सुटला. आमचा माणूस एका ओढ्यावर, तो दुसरा बारा मैलांवर.

माणूस मेला की कागद सुरू होतात

आमच्या मूळपुरुषाला मृत्यू आला १७९१ ला, आणि मृत्युपत्र न करता. मला वाईट वाटलं, पण ते आमच्या पथ्यावर पडलं. मृत्युपत्रात बाप मुलांची नावं गाळू शकतो, आणि जुन्या काळात थोरल्याला गाळतही असे, कारण जमीन कायद्यानेच त्याला मिळायची. व्हर्जिनियात हा ज्येष्ठाधिकार १७८५ च्या कायद्याने रद्द झाला, पण तो लागू झाला १ जानेवारी १७८७ पासून. लिंकनचे आजोबा केंटकीत १७८६ मध्ये मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच होती. जमीन गेली थोरल्या मोर्डेकायकडे, आणि धाकटा थॉमस, म्हणजे लिंकनचा बाप, मोकळ्या हातांनी वाढला. आमचा माणूस पाच वर्षं उशिरा मेला, म्हणून त्याची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली गेली. सारखी वाटली म्हणजे प्रत्येकाचा कागद झाला.

हे कागद ठरलेल्या क्रमाने येतात आणि त्याच क्रमाने शोधावेत. आधी ऑर्डर बुकात एक ओळ: अमुकाच्या मालमत्तेचा कारभार तमुकाला दिला. विधवेचा हक्क पहिला असतो, तिने सोडला असेल तर तसं लिहिलेलं असतं. मग हमीपत्र. त्यावरचे जामीनदार टिपून ठेवा, कारण परक्यासाठी कुणी जामीन राहत नाही. तो मेहुणा, सासरा, नाहीतर भाऊ निघतो. मग तीन-चार शेजारी घरातली वस्तू न वस्तू लिहून किंमत लावतात. मग लिलाव, आणि कुणी काय घेतलं याची यादी. आमच्या विधवेने स्वतःचाच चरखा आणि एक कढई विकत घेतली. नवऱ्याच्या मागे बाईला आपल्याच स्वयंपाकघरातली कढई बोली लावून घ्यावी लागते, हे वाचून मी पान बराच वेळ उलटलं नाही.

त्याच मालाच्या यादीत घोडीच्या खाली एक मुलगी लिहिलेली आहे. नाव, आणि पुढे पौंडांत किंमत. गुलाम. जावयाने स्क्रीनकडे पाहिलं आणि उठून गेला. मी ती नोंद वेगळ्या पानावर उतरवून ठेवली आणि तुम्हीही तसंच करा. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची नावं नाहीत, नुसतं वय आणि लिंग. आफ्रिकन अमेरिकन कुटुंबांना १८७० च्या मागे जायचं तर गोऱ्या मालकांच्या याच याद्या, मृत्युपत्रं आणि खरेदीखतं हाती उरतात. व्हर्जिनियाच्या काउंटी कोर्टांत १६५० च्या दशकात एलिझाबेथ की या गुलाम ठरवलेल्या बाईने नॉर्थम्बरलँडमध्ये आपल्या स्वातंत्र्याचा दावा लावला होता. असे दावेही ऑर्डर बुकांत सापडतात.

यानंतर मुलांचे पालक. चौदा वर्षांवरच्या पोरक्या मुलाला आपला पालक कोर्टात स्वतः निवडता येई. मार्च १७९४ च्या कोर्टात आमच्या हव्या त्या मुलाने पालक निवडला, म्हणजे तो चौदाच्या वर आणि एकविसाच्या खाली. १७९६ च्या करयादीत त्याच पालकाच्या घरात सोळावरचा एक पुरुष वाढलेला दिसतो. आणि १८५० च्या शिरगणतीत वंशावळीतल्या शेवटच्या म्हाताऱ्याचं वय ७१. तिन्ही धागे १७७९ च्या आसपास गाठ मारतात. एकाही कागदावर जन्मतारीख नाही, तरी बसतं. पालक आईचा भाऊ निघाला, ते पुढच्या एका दाव्यावरून कळलं.

सातवा हिस्सा

डीड बुकमध्ये १८०५ चं एक खत मिळालं. लिहून देणार तोच मुलगा. विकतोय काय, तर बापाच्या जमिनीतला "एक सप्तमांश", आईचा डॉवर राखून. डॉवर म्हणजे विधवेला हयातभर मिळणारा तिसरा हिस्सा. या अपूर्णांकाकडे दुर्लक्ष करू नका. एक सप्तमांश म्हणजे सात वारस. बायबलच्या पानावर पाचच नावं होती. मी सहा खतं गोळा केली, सातवं मिळेना.

इथे माझी नोकरी कामी आली. जुन्या वसाहतींत जमिनीचं वर्णन झाडा-दगडांवरून असतं: नदीकाठच्या व्हाइट ओकपासून सुरू, उत्तर ४० अंश पूर्व, ६० पोल, दोन सिकॅमोरपाशी, तिथून अमक्याच्या हद्दीने. पोल म्हणजे साडेसोळा फूट, चार पोलांची एक साखळी, ६६ फूट. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दोन पोल बाय दोन पोल. आणि दोन्हीकडे एकर चाळीस गुंठ्यांचाच. एकाच इंग्रजी साखळीने दोन्ही देश मोजले गेले, हे मला व्हर्जिनियात बसून पहिल्यांदा जाणवलं. आलेख कागद, कोनमापक आणि पट्टी घ्या आणि प्रत्येक खताची आकृती काढा. शेवटची रेघ पहिल्या झाडाला मिळाली तर वाचन बरोबर. थोडी फट राहतेच, त्या काळी साखळी धरणारे घरचेच लोक असत. मोठी फट राहिली तर नक्कलकाराने किंवा तुम्ही एक ओळ गाळली आहे.

मग शेजाऱ्यांचे तुकडेही काढून कापले आणि जेवणाच्या टेबलावर जोडत बसलो. नातवाला हा खेळ भलताच आवडला. सहा हिस्से बसले, एक मोकळी जागा उरली. त्या जागेचं वर्णन एका भलत्याच आडनावाच्या माणसाच्या खतात निघालं, तोच व्हाइट ओक, तेच दोन सिकॅमोर. तो जावई होता. सातवी वारस मुलगी होती आणि तिचं माहेरचं नाव खतात कुठेच नाही. पण नवऱ्याने जमीन विकली की बायकोला न्यायाधीश बाजूला घेऊन, नवऱ्याच्या माघारी विचारत, मर्जीने सोडतेस का म्हणून. ती जबानी खताखालीच नोंदवतात, तिथे तिचं पहिलं नाव होतं. तेवढ्यावर नातं सिद्ध होत नाही, हे विहीणबाईंनाही मी सांगितलं.

सिद्ध झालं ते चॅन्सरीच्या दाव्यात. वारसांत वाटणीवरून जुंपली की न्याय मागायला चॅन्सरीत, म्हणजे न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या कोर्टात, जावं लागे, आणि तिथे प्रत्येक वारसाला पक्षकार करणं सक्तीचं. केंटकीला गेलेला, ओहायोत मेलेला आणि त्याची मुलं, सगळे फिर्यादीत नावानिशी. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या चॅन्सरी सूचीत आडनाव टाकलं की दावे निघतात, बऱ्याच काउंट्यांची पानंही फुकट दिसतात. मूळ घराण्याचं आडनाव टाकून मला काही मिळालं नव्हतं. त्या जावयाचं टाकलं आणि पंचेचाळीस पानं उघडली. भांडण मीठ साठवायच्या कोठीवरून सुरू झालं होतं. साक्षीदार आपलं वय सांगून सुरुवात करतात, आणि एक म्हातारा सांगतो की मयताला आपण पेनसिल्व्हेनियातून येताना पाहिलं होतं.

कोर्टहाउसात स्वतः गेलात तर वह्या सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे मागा. व्हर्जिनियाची काउंटी कोर्टं १९०४ ला बंद झाली, दप्तर त्यांच्याकडे आलं. बाइंडिंग केलेल्या वहीत असते ती नक्कल, तिथली सही कारकुनाच्या हातची. माणसाची स्वतःची खूण बघायची तर सुटे कागद मागावे लागतात. आम्ही मागितले. १७९१ च्या एका चिठोऱ्यावर विधवेने कारभाराचा हक्क सोडल्याचं लिहिलंय, आणि खाली तिच्या नावाच्या मधोमध तिची खूण, नावाचं पहिलं अक्षर, पण उलटं काढलेलं. विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, कागद आपणच उलटा धरला नाही ना?

आता पेनसिल्व्हेनिया. तिथली कुठली काउंटी, ते अजून शोधतोय.